दहापैकी सात कशाचे?

जून २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या दहावीचा निकाल लागला आणि घरोघरी चेहरे उतरले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के मुले उत्तीर्ण झाली होती, त्या वर्षी आकडा ७७.१० वर आला. अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नपत्रिकेची धाटणी बदलली होती. पण चर्चेत एकच कारण सगळ्यांत पुढे राहिले. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतले शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते आणि पेपर थेट शंभराचा झाला होता. अकरावीच्या प्रवेशात इतर मंडळांची मुले पुढे जातील म्हणून पालक अस्वस्थ झाले. दोन महिन्यांत, ऑगस्टमध्ये, अंतर्गत गुण परत देण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले गेले होते, हेही लक्षात घ्यायला हवे. तरीही शाळेच्या हातातल्या वीस गुणांचे वजन केवढे असते, ते या तीन वर्षांत सगळ्यांना दिसले.

वीस गुण द्यावेत की देऊ नयेत, यावर भरपूर बोलले गेले. ते वीस गुण नेमके कशाचे, हे फार थोड्यांनी विचारले. दहावीतली एखादी मुलगी वर्गापुढे उभी राहून चार मिनिटे बोलते. तिला पाचपैकी चार गुण मिळतात. उरलेल्या एका गुणासाठी तिने काय करायला हवे होते? आवाज चढवायचा, की मुद्दे वाढवायचे, की कागदात न बघता बोलायचे? तिच्या प्रगतिपुस्तकात याचे उत्तर नसते. बऱ्याचदा गुण देणाऱ्या बाईंनाही ते नेमक्या शब्दांत सांगता येत नाही, कारण ‘चार’ हा आकडा त्यांना ऐकताऐकता सुचलेला असतो.

हे काही आपल्याच शाळांचे दुखणे नाही. अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघा संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती वेगवेगळ्या माध्यमिक शाळांत पाठवल्या. १४२ शिक्षकांनी त्या तपासल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कुणी ६४ गुण दिले, कुणी ९८. दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. भाषेचा विषय आहे, मतभेद होणारच, असे लोक म्हणाले. तेव्हा त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. भूमितीत तर उत्तर बरोबर किंवा चूक! पण तिथे तफावत आणखी वाढली. २८ गुण देणारे शिक्षक निघाले, तसेच नव्वदीच्या पुढे देणारेही निघाले. कुणी फक्त उत्तर पाहिले होते, कुणी रीत पाहिली होती, तर कुणी गिचमिडीचे आणि स्पेलिंगच्या चुकांचे गुण कापले होते. सगळे प्रामाणिक होते. प्रत्येकाच्या डोक्यात ‘चांगले उत्तर’ वेगळे होते, एवढेच.

असाच, पण जास्त खोल जाणारा प्रयोग १९६१ मध्ये झाला. पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे ३०० निबंध ५३ वाचकांकडे दिले. वाचकांत प्राध्यापक होते, लेखक-संपादक होते, वकील आणि उद्योगक्षेत्रातले अधिकारीही होते. निबंध नऊ गठ्ठ्यांत लावायचे, सर्वांत उत्तम ते सर्वांत सुमार, एवढीच सूचना होती. ‘उत्तम’ म्हणजे काय ते मुद्दाम सांगितले नव्हते. ३०० पैकी १०१ निबंध असे निघाले की ते कुणा ना कुणाकडून नऊच्या नऊ गठ्ठ्यांत जाऊन पडले होते. पाचपेक्षा कमी गठ्ठ्यांत पडला असा एकही निबंध नव्हता. डीडरिक तेवढ्यावर थांबले नाहीत. कुणाचे गुण कुणाशी जुळतात याचे गणित त्यांनी मांडले आणि वाचकांचे पाच तट सापडले. एका तटाला विचार महत्त्वाचा वाटत होता. दुसऱ्याला शुद्धलेखन आणि व्याकरण, तिसऱ्याला मांडणी, चौथ्याला शब्दांची निवड, पाचव्याला लिहिणाऱ्याची स्वतःची ढब. मतभेदाच्या गोंधळात पाच स्पष्ट निकष दडलेले होते. ते आधी बोलून, लिहून ठेवले असते तर?

रुब्रिकची कल्पना इथे सुरू होते. आज शिक्षक-प्रशिक्षणांत हा शब्द वारंवार कानावर पडतो आणि पुष्कळदा एक रिकामा तक्ता हाती पडतो. तक्ता साधाच असतो. डाव्या बाजूला निकष, वरच्या ओळीत तीन किंवा चार स्तर, आणि प्रत्येक चौकटीत त्या स्तराचे काम कसे दिसते याचे वर्णन. या तिसऱ्या भागात रुब्रिकचा जीव असतो. वर्णन काढून टाकले तर उरते ती नुसती श्रेणी. ‘मुखपृष्ठ आहे का, नकाशा जोडला आहे का’ अशी आहे-नाहीची यादी म्हणजे रुब्रिक नव्हे. ‘पहिल्या पायरीला एक गुण, सूत्राला एक, उत्तराला एक’ अशी बोर्डाच्या नियामकांकडून येणारी गुणदान योजनाही रुब्रिक नव्हे. ती एका ठरावीक प्रश्नापुरती असते. रुब्रिक एका प्रकारच्या कामासाठी असते: कोणतेही भाषण, कोणताही प्रयोग, कोणतीही मुलाखत.

मुलाखतच घेऊ. समजा, सातवीच्या वर्गाला मराठीच्या बाईंनी काम दिले आहे: गावात बरीच वर्षे एकच व्यवसाय केलेल्या माणसाला भेटा, त्याच्याशी बोला आणि दोन पानांत लिहून आणा. कुणी शिंपीकाम करणाऱ्या मावशींकडे जाईल, कुणी एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर आजोबांकडे, कुणी रसवंतीवाल्याकडे. आता हे तपासायचे कसे?

घाईत केलेल्या तक्त्यात पहिल्यांदा उतरतात ते निकष असे: स्वच्छता, हस्ताक्षर, चित्रे, वेळेवर सादर करणे, पृष्ठसंख्या. यांतला एकही निकष मुलाखतीबद्दल नाही. हीच यादी कोणत्याही वहीला, कोणत्याही विषयाला चिकटवता येईल. आणि तिचा परिणाम दरवर्षी दिसतो. प्रकल्पाची फाईल सजवण्यात घरच्यांची रात्र जाते, चित्रे बाजारातून विकत येतात, मजकूर सायबर कॅफेत छापून मिळतो, आणि गुण मिळतात ते नीटनेटकेपणाला. ज्या घरात रंगीत प्रिंटचे पैसे नाहीत, त्या घरातले मूल तिथेच मागे पडते. वेळेवर काम देणे महत्त्वाचे आहेच, पण त्याची नोंद वेगळी ठेवावी. मुलाला काय येते या हिशेबात ते मिसळले की दोन्ही गोष्टी कळेनाशा होतात.

मग निकष शोधायचे कुठे? उत्तम जागा म्हणजे मुलांच्या जुन्या वह्या. मागच्या वर्षीच्या वीस-पंचवीस मुलाखती घ्याव्यात, गुण न देता नुसत्या तीन गठ्ठ्यांत लावाव्यात: वाचाव्याशा वाटल्या त्या, ठीक वाटल्या त्या, आणि फसल्या त्या. मग पहिला गठ्ठा उघडून स्वतःला विचारावे, यांच्यात असे काय आहे जे तिसऱ्यात नाही? उत्तर बहुधा अनपेक्षित असते. चांगल्या मुलाखतीतले मूल तयार प्रश्न घेऊन गेलेले असते, पण त्यावर अडून बसलेले नसते. कंडक्टर आजोबा म्हणाले, “घाटात गाडी बंद पडली तेव्हा रात्र काढली,” तर त्याने पुढचा ठरलेला प्रश्न बाजूला ठेवून “मग प्रवाशांनी काय केले?” असे विचारलेले असते. फसलेल्या मुलाखतीत “तुम्हाला काम आवडते का?” “हो.” “तुम्हाला किती मुले आहेत?” “दोन.” अशी नोंदवही असते. इथे पहिला निकष सापडला: प्रश्न आणि त्यांचा पाठपुरावा.

त्याचे चार स्तर लिहायचे तर असे काहीसे होईल. सुरुवातीच्या स्तरावर बहुतेक प्रश्नांची उत्तरे हो-नाहीत किंवा एका शब्दात संपतात. त्याच्या पुढे, ‘कसे’ आणि ‘का’ असे प्रश्न येतात, पण उत्तर काहीही आले तरी पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. तिसऱ्या स्तरावर निदान एक-दोन ठिकाणी उत्तरातला धागा पकडून नवा प्रश्न विचारलेला दिसतो. चौथ्यावर अशा पाठपुराव्यातून बोलणाऱ्याने एखादा सविस्तर प्रसंग सांगितलेला असतो, नुसती माहिती नाही. हे वाचून सातवीतल्या मुलाला कळते की आपण कुठे आहोत आणि पुढच्या वेळी करायचे काय. ‘उत्कृष्ट प्रश्न, चांगले प्रश्न, बरे प्रश्न, असमाधानकारक प्रश्न’ असे लिहिले असते तर? तो गुणांचा आकडाच अक्षरांत लिहिण्याचा प्रकार झाला असता. अमेरिकेतल्या मूल्यमापनतज्ज्ञ सुझन ब्रुकहार्ट यांचा आग्रह नेमका इथे आहे: चौकटीत कामाचे वर्णन करा, निवाडा देऊ नका. विशेषणे खोडली आणि डोळ्यांना दिसेल ते लिहिले की रुब्रिक अर्धे सुधारते.

दुसरा निकष भाषेचा येणार, आणि इथे सावध राहायला हवे. ‘शुद्ध भाषा’ असे दोन शब्द सहज लिहून होतात. पण शिंपीकाम करणाऱ्या मावशी जर अहिराणीत बोलल्या असतील, कंडक्टर आजोबा वऱ्हाडीत, आणि मुलाने त्यांची वाक्ये जशीच्या तशी उतरवली असतील, तर या निकषाने त्याचे गुण जातील. वास्तविक त्याने मुलाखतीतले सर्वांत अवघड काम केले आहे. त्याने माणसाचा आवाज कागदावर आणला आहे. म्हणून निकष असा हवा: बोलणाऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत त्याच्याच बोलीत आहेत, आणि मुलाचे स्वतःचे निवेदन प्रमाण मराठीत, वाचणाऱ्याला सहज कळेल असे आहे. घरी मालवणी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात तर हा फरक फार मोलाचा. तोंडी कामाच्या तक्त्यात ‘स्पष्ट व शुद्ध उच्चार’ हा निकष मुकाट्याने बसलेला असतो. त्यातल्या ‘शुद्ध’ने घरच्या बोलीला दरवेळी एक गुण दंड होतो, आणि तो दंड आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. रुब्रिक आपोआप न्याय्य होत नाही. त्यात लिहिलेला पूर्वग्रह उलट जास्त शिस्तीने, प्रत्येक मुलाला न चुकता लागू होतो.

लिहिलेले निकष नीट असले तर मात्र ते पूर्वग्रहाला आवर घालू शकतात, याचा चांगला पुरावा हाती आहे. डेव्हिड क्विन या संशोधकाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी दीड हजारांहून अधिक अमेरिकी शिक्षकांना दुसरीतल्या मुलाने लिहिलेला एक छोटा उतारा दिला. निम्म्या शिक्षकांच्या उताऱ्यात मुलाच्या भावाचे नाव डशॉन होते, निम्म्यांच्या कॉनर. बाकी मजकूर तोच. पहिले नाव वाचून लिहिणारे मूल कृष्णवर्णीय असल्याचे सूचित होत होते. ‘हे लेखन इयत्तेच्या मानाने कसे आहे?’ असे मोघम विचारले तेव्हा डशॉनच्या भावाला कमी लेखले गेले. त्याच शिक्षकांना निकषांचे वर्णन असलेले रुब्रिक दिले तेव्हा दोन्ही उताऱ्यांच्या गुणांत फरक उरला नाही.

भारतातही असे तपासून पाहिलेले आहे. रेमा हॅना आणि ली लिंडेन या संशोधकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांच्या पहिल्या पानावर वय, लिंग आणि जात चिठ्ठ्या टाकल्यासारखी लिहिली, म्हणजे उत्तरांचा आणि जातीचा काही संबंध उरला नाही, आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ‘खालच्या’ मानल्या गेलेल्या जातीचा उल्लेख असलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित कमी गुण पडलेले आढळले. फरक लहान होता, पण होता. त्यातली एक बारीक गोष्ट विचार करायला लावणारी आहे: हा भेद तपासणीच्या सुरुवातीच्या उत्तरपत्रिकांत जास्त दिसला, म्हणजे काय चांगले आणि काय वाईट याचा शिक्षकांचा अंदाज अजून बसायचा होता तेव्हा. माप नक्की नसले की माणूस नावाकडे, आडनावाकडे बघतो. माप आधीच हाती असण्याचे महत्त्व यापेक्षा वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात या सगळ्याची जमीन २०१० पासून तयार आहे. शिक्षण हक्क कायदा अमलात आला आणि त्या वर्षी २० ऑगस्टच्या शासन निर्णयाने पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक, म्हणजे शिकताशिकता होणाऱ्या मूल्यमापनाचा आणि ३० टक्के संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या मूल्यमापनाचा. वर जाता जाता सातवी-आठवीला ते उलटून ४० आणि ६०. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने दिली गेली. नुसत्या लेखी परीक्षेत न दिसणारे मूल दिसावे, हा हेतू मनापासून स्वागत करावे असाच होता. साधने मिळाली, भारांश मिळाला, अ-१ पासून ई-२ पर्यंत श्रेण्या मिळाल्या. चौकटीतले वर्णन तेवढे मिळाले नाही.

त्याची जागा काय भरून काढते, हे कोणत्याही शिक्षकाच्या मोबाइलवर पाहायला मिळते. प्रगतिपत्रकात ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यांत वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. सत्र संपत आले की विषयवार तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. ‘प्रश्नांची उत्तरे अचूक देतो.’ ‘कविता तालासुरात म्हणतो.’ ‘शिक्षकांविषयी आदर बाळगतो.’ ‘गणितातील मूलभूत क्रिया करतो.’ त्यातून एकेका मुलाच्या नावापुढे एकेक वाक्य जाते. शिक्षकाला दोष देऊन भागत नाही. दोन शिक्षकी शाळेत चार-चार इयत्ता, प्रत्येकीचे सगळे विषय, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या गुरुजींनी प्रत्येक मुलासाठी प्रत्येक विषयात ताजे वाक्य कुठून आणावे? वाक्य सुचायला आधी काहीतरी नेमके पाहिलेले असावे लागते, आणि नेमके पाहायला काय पाहायचे ते ठरलेले असावे लागते.

मुलाखतीच्या रुब्रिकवर खूण करून झाली असेल तर नोंद आपोआप तयार असते: ‘का आणि कसे विचारते, उत्तर ऐकून पुढचा प्रश्न घडवण्याचा सराव हवा.’ अशी ओळ कोणत्याही पीडीएफमध्ये सापडणार नाही. ती एका मुलीबद्दलच खरी असेल, आणि तिच्या आईला वाचून दाखवली तर आईलाही कळेल.

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत सुरुवातीला छापलेल्या अध्ययन निष्पत्ती इथे उपयोगी पडतात, पण कच्चा माल म्हणून. मुलाला काय यावे हे निष्पत्ती सांगते. ते अर्धवट येते तेव्हा कसे दिसते, आणि छान येते तेव्हा कसे, हे शिक्षकाने वर्गात पाहून लिहायचे असते. विज्ञानात ‘निरीक्षणे नोंदवतो’ ही निष्पत्ती घ्या. एक मूल बी रुजवण्याच्या प्रयोगात ‘रोप मोठे झाले’ असे लिहिते. दुसरे ‘तिसऱ्या दिवशी मूळ आले, सहाव्या दिवशी कोंब दोन सेंटिमीटर’ असे लिहिते. तिसरे त्यापुढे जाऊन ‘अंधारातल्या वाटीतला कोंब लांब पण पिवळा, उजेडातला आखूड पण हिरवा’ अशी तुलना करते. तिघांच्या वह्यांत ‘निरीक्षणे’ आहेत आणि तिघे तीन पायऱ्यांवर उभे आहेत.

रुब्रिक तयार झाले की ते कुणाच्या हातात असावे? आपल्याकडे ते बहुधा तपासणीच्या फायलीत जाते. त्याची खरी जागा मुलाची वही आहे, आणि तीही काम सुरू होण्यापूर्वी. ऑस्ट्रेलियातले अभ्यासक रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये हे नेमके मांडले होते: मुलाला सुधारायचे असेल तर चांगले काम म्हणजे काय हे त्याच्या मनात असावे लागते, आपले काम त्याच्याशी ताडून बघता यावे लागते, आणि मधले अंतर कापण्यासाठी काहीतरी करता यावे लागते. तिन्ही गोष्टी मुलाने करायच्या आहेत. शिक्षकाने एकट्याने गुण मोजून यांतले काहीच होत नाही.

गुण आणि शेरा एकत्र दिले तर काय होते, हे रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये पाचवी-सहावीच्या १३२ मुलांवर पाहिले. १९८८ मधला हा अभ्यास प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षणात सांगावा असा आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना कामाबद्दल फक्त लेखी शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्यांचे पुढचे काम सुधारले. गुण मिळालेल्यांचे सुधारले नाही. आणि गुण-शेरा दोन्ही मिळालेल्यांचेही नाही. आकडा दिसला की मूल आकड्याकडे बघते, शेजाऱ्याचा आकडा विचारते आणि वही मिटते. म्हणून रुब्रिकवर आधी नुसत्या खुणा कराव्यात, मुलांना एक तासिका देऊन काम दुरुस्त करू द्यावे, आणि गुण त्यानंतरच लिहावेत. हे करायला वेगळा निधी लागत नाही. एक तासिका मात्र लागते, आणि ती वेळापत्रकात आधीच धरून ठेवावी लागते.

मुलांना रुब्रिक बनवण्यातही सामील करून घेता येते. मूल्यमापनाच्या अभ्यासक हायडी अँड्रेड यांनी याचा बराच पाठपुरावा केला आहे. वर्गाला दोन नमुने वाचून दाखवायचे, एक चांगला आणि एक साधारण, नावे न सांगता, शक्यतो जुन्या तुकडीतले. कोणता आवडला आणि का, हे मुलांना विचारायचे. फळ्यावर त्यांचेच शब्द लिहीत जायचे. ‘खरं वाटतं’, ‘आजोबा बोलतायत असं वाटतं’, ‘मधेच कंटाळा येतो’ असे शब्द येतात. त्यांना आकार देण्याचे काम शिक्षकाचे. पाचवीच्या वर्गाने स्वतः घातलेला ‘मधेच कंटाळा येत नाही’ हा निकष प्रशिक्षणपुस्तिकेतल्या ‘आशयाची सुसंगत मांडणी’पेक्षा मुलांना पटकन कळतो.

रुब्रिकला विरोध करणारेही आहेत आणि त्यांचे ऐकले पाहिजे. मूल्यमापनाचे अभ्यासक जेम्स पॉपम यांनी १९९७ मध्येच लिहिले होते की बाजारात मिळणारी बहुतेक रुब्रिके निकामी असतात: काही एकाच प्रश्नाला जखडलेली, काही इतकी मोघम की त्यातून काहीच कळू नये, आणि काही इतकी लांबलचक की शिक्षक ती एकदा वापरून कपाटात ठेवतो. शिक्षणावर लिहिणारे आल्फी कोन यांचा आक्षेप त्याहून मुळावर घाव घालणारा आहे. २००६ च्या लेखात त्यांनी म्हटले की रुब्रिकमुळे शिक्षकाचे स्वतःचे मत चौकटीत आवळले जाते, आणि मूल ‘मी काय करतोय’ हे सोडून ‘मी किती चांगले करतोय’ याच्या मागे लागते. हे खरे होऊ शकते. चार निकषांच्या चार चौकटी भरणारा, पण वाचताना आत काही न हलवणारा निबंध प्रत्येक शिक्षकाने पाहिला आहे. उलटपक्षी, एकाही चौकटीत न बसणारा आणि तरी डोळ्यांत पाणी आणणारा निबंधही पाहिला आहे. असा निबंध आला तर गुण त्या निबंधाला द्यावेत आणि रुब्रिक दुरुस्त करावे. मुलांनी कविता केली असेल, तर तक्ता बाजूला ठेवून ती कविता वर्गात मोठ्याने वाचावी. प्रत्येक कामाला रुब्रिक लावण्याची गरज नाही. वर्षातून विषयागणिक दोन-तीन मोठ्या कामांना ते पुरे आहे.

संख्येबद्दलही असेच. साठ मुलांच्या वर्गात आठ निकषांचे रुब्रिक म्हणजे एका कामासाठी ४८० निर्णय. कुणाच्याही हातून ते नीट होणार नाहीत. तीन-चार निकष पुरतात. स्तर चार ठेवले तर आणखी एक फायदा होतो: मधला स्तरच नसतो, त्यामुळे घाईत सगळ्यांना मध्यावर टाकून मोकळे होता येत नाही. ज्यांना तेवढेही जड वाटेल त्यांनी एकाच स्तराचे वर्णन लिहावे, म्हणजे ‘अपेक्षित काम’ कसे असते ते. त्याच्या डावीकडे ‘अजून काय हवे’ आणि उजवीकडे ‘अपेक्षेपलीकडे काय केले’ असे दोन रिकामे रकाने ठेवावेत. लिहायला कमी लागते आणि मुलाबद्दल जास्त कळते.

येत्या काळात असे वर्णन लिहिणे टाळता येणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली. त्यात शिक्षकाबरोबर मूल स्वतःचे आणि सोबत्यांचेही मूल्यमापन करेल, अशी अपेक्षा आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीत ‘परख’ हे राष्ट्रीय मूल्यमापन केंद्र सुरू झाले आणि अशा प्रगतिपत्रकांचे नमुने आले. लहान वर्गांसाठी त्यात झरा, पर्वत आणि आकाश अशी स्तरांची चित्रे आहेत. मुलांना ती आवडतील. पण झऱ्यावरचे वाचन आणि पर्वतावरचे वाचन यांत फरक काय, हे शाळेने लिहून काढले नाही तर अ-१, ब-२ च्या जागी फक्त चित्रे येतील.

आणि हे लिहिण्याचे काम एकट्या शिक्षकाने करायचे नाही. त्यासाठी जागा आधीच आहे. केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातले शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र बसतात. तिथे परिपत्रके वाचून झाल्यावर एक तास राखून ठेवता येईल. कुणीतरी आपल्या वर्गातल्या पाच मुलाखतींच्या प्रती आणायच्या, नावे झाकून. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या कागदात न बघता रुब्रिकवर खुणा करायच्या. मग सगळ्यांच्या खुणा फळ्यावर. जिथे सगळ्यांचे एकमत असेल ती वही बाजूला ठेवायची, तिच्यात बोलण्यासारखे काही नाही. जिथे एका बाईंनी दुसरा स्तर दिला आणि एका सरांनी चौथा, तिथे थांबायचे आणि दोघांनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवून सांगायचे की हा स्तर का दिला. बहुतेक वेळा भांडण मुलाच्या कामाबद्दल नसते, रुब्रिकमधल्या एखाद्या सैल शब्दाबद्दल असते. ‘सविस्तर प्रसंग’ म्हणजे किती सविस्तर? सर म्हणतात, चार ओळी पुरे. बाई म्हणतात, ओळी मोजू नका, त्या प्रसंगात कोण होते आणि पुढे काय झाले ते कळते का ते बघा. मग ‘सविस्तर’ हा शब्द खोडला जातो आणि तिथे ‘कोण, कुठे आणि पुढे काय झाले हे कळते’ असे लिहिले जाते. ती वही नमुना म्हणून तक्त्याला टाचली जाते, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या शाळेतल्या पाच वह्या टेबलावर येतात.